मन वळविणे आणि मन पळविणे

गेल्या माघातील गोष्ट. एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याचे कीर्तन झाले, हंडी फुटली, पंगती उठल्या, आणि आम्ही देवळाच्या ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. टाळकरी मंडळी टाळ फडक्यात बांधीत होती. तेवढ्यात एक तिशीतला तरुण जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारू का?" आम्ही म्हटले, "विचार की बाबा. विचारण्याचा कसला राग?"

तो पुण्यास जाहिराती तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. म्हणाला, "दोन तास कीर्तन ऐकले. ऐकताना धंद्याच्या सवयीने मी मनात टिपत होतो. चाल लावून तेच पद पुनःपुन्हा म्हणविले. शेकडो माणसांना एकदम टाळी धरायला लावली. संतांच्या नावाचा आधार दिला. एका गरिबाची कथा सांगून डोळ्यांत पाणी आणले. मरणाचे भय दाखविले आणि लागलीच त्यावरचा उपाय सांगितला. महाराज, आमच्या कचेरीत आम्हाला हेच शिकवितात. एवढेच की आमच्याकडे शेवटी साबण निघतो. मग तुमच्यात आणि आमच्यात फरक तो काय?"

भोवतालची मंडळी खवळली. एक जण "देवाची आणि साबणाची बरोबरी करतोस काय रे?" म्हणून पुढे सरसावला. आम्ही त्याला खाली बसविले. परंतु वाचकहो, खरे सांगायचे तर त्या रात्री आमच्यापाशी उत्तर नव्हते. "विचार करून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तरुणाला द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

आमच्या पाठशाळेत एक शिस्त होती. प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे तर आधी त्याचा पूर्वपक्ष त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतका चांगला मांडावा, असे गुरुजी सांगत. कच्चा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणे याला ते पोराचा खेळ म्हणत. तेव्हा आधी मन वळविण्याच्या या विद्येचे स्वरूप पाहू.

इंग्रजीत ज्याला 'प्रोपगंडा' म्हणतात तो शब्द कोठून आला हे पाहिले तरी आपला अहंकार जरा उतरतो. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोम येथे धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापिले. त्याच्या लॅटिन नावातून हा शब्द आला. म्हणजे आज जो शब्द आपण राजकारण्यांच्या अंगावर शिवीसारखा फेकतो, तो जन्मला धर्माच्या अंगणात. यास्तव 'आम्ही धर्माची माणसे, आमचा या गोष्टीशी संबंध काय?' असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

या विद्येला धंद्याचे रूप देणाऱ्यांत एडवर्ड बर्नेज याचे नाव अग्रभागी येते. जन्म १८९१, व्हिएन्ना. आयुष्य गेले अमेरिकेत. मनाच्या तळाशी दडलेल्या वासनांचा शोध घेणारे प्रसिद्ध डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड हे याचे सख्खे मामा. मामांनी रोग्याला बरे करण्यासाठी जे शास्त्र रचले, ते भाच्याने गिऱ्हाइकाला वळविण्यासाठी वापरले. १९२८ साली त्याने 'प्रोपगंडा' याच नावाचे पुस्तक लिहिले; त्यात लपवाछपवी नव्हती, उलट लोकांची मने अशी हाताळणे हे लोकशाहीत आवश्यकच आहे असे त्याचे प्रतिपादन होते.

त्याची एक करामत ऐका. त्या काळी अमेरिकेत बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणे लाजिरवाणे समजले जाई. सिगारेटच्या एका मोठ्या कंपनीला वाटले, निम्मी गिऱ्हाइके हातची जात आहेत. कंपनीने बर्नेजला गाठले. त्याने एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, बायकांच्या दृष्टीने सिगारेट ही स्वातंत्र्याची मशाल आहे. झाले! १९२९ सालच्या ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर मिरवणूक चालली असता काही तरुण स्त्रियांनी ठरल्याप्रमाणे सिगारेटी शिलगाविल्या. वृत्तपत्रांना खबर आधीच दिलेली होती. दुसऱ्या दिवशी बातमी देशभर. बातमी स्वातंत्र्याची होती, तंबाखूचा दुकानदार पडद्याआड होता. अमेरिकेतील स्त्रियांना मताचा अधिकार मिळून तेव्हा जेमतेम ९ वर्षे झाली होती; ती ताजी, न्याय्य, पवित्र आकांक्षा उचलून त्याने विडीला चिकटविली.

आणि या कथेचा उत्तरार्ध अधिक दारुण आहे. बर्नेज जातीने ज्यू. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तो सांगतो की, १९३३ साली जर्मनीहून परतलेल्या एका पत्रकाराने त्याला वर्तमान दिले: हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या ग्रंथसंग्रहात बर्नेजचे १९२३ सालचे पुस्तक आहे, आणि ज्यूंविरुद्धची मोहीम चालविण्यास तो त्याचा उपयोग करतो आहे. ऐकून आपल्याला धक्का बसला असे तो लिहितो. विळा आपणच घडवावा आणि तो आपल्याच भावंडांच्या मानेवर चालावा, असा हा प्रकार. कोणत्या हाती जावे हे विळ्याला कळत नसते.

आता, माणूस वळतो तरी कसा? याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केलेला आहे. विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत प्रवृत्तीची मीमांसा आहे. एखादी गोष्ट करावी असे माणसाला वाटते तेव्हा त्याच्या ठायी दोन ज्ञाने असावी लागतात. एक, ही गोष्ट माझ्या हातून होण्यासारखी आहे. याला कृतिसाध्यता म्हणतात. दोन, हिच्यामुळे मला हवे ते मिळेल, ही इष्टसाधनता. परंतु एवढ्यावर भागत नाही. या गोष्टीतून मोठा अनर्थ निपजेल असे ज्ञान झाले की ते प्रवृत्तीला आडवे येते. दृष्टान्त मध आणि विष कालविलेल्या अन्नाचा. भूक लागली आहे, अन्न समोर आहे, गोडही आहे. पण विष आहे हे कळले की हात मागे येतो.

सज्जनहो, हा दृष्टान्त मनात ठेवून कोणतीही जाहिरात पाहा. 'फक्त इतके रुपये महिना' ही कृतिसाध्यता. 'शेजारी बघत राहतील' ही इष्टसाधनता. आणि तिसरे? ते अगदी बारीक अक्षरांत असते, नाही तर इतक्या भरभर म्हटले जाते की वेदपाठ्यालाही ऐकू येऊ नये. मन पळविण्याची सगळी विद्या या तिसऱ्या ज्ञानाला झाकण्यात आहे. १९२९ साली सिगारेटचे सारे दुष्परिणाम सिद्ध झाले नव्हते, हे बर्नेजच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण पुढे ते दिसू लागले, तेव्हा काय झाले? जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी एकत्र येऊन ४०० हून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापले. त्याचा मथितार्थ असा की, तुमच्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे, परंतु अजून काही सिद्ध झालेले नाही, आम्हीच संशोधनाला हातभार लावू. विष नाही असे ठामपणे म्हणण्याचीही गरज नव्हती. विषाबद्दल संशय उत्पन्न केला की पुरे. संशयात पडलेला माणूस मध चाटीत राहतो. अमेरिकन सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल १९६४ साली आला. दरम्यान दहा वर्षे गेली.

अलीकडच्या पंडितांनी आणखी काही दरवाजे दाखविले आहेत. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. एका कागदावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती, ते सांगावयाचे. लहान पोरालाही चुकणार नाही. पण खोलीतले बाकीचे सारे लोक आधीच फितविलेले. ते एकामागून एक चुकीचे उत्तर देत. शेवटी बिचाऱ्या खऱ्या उमेदवाराची पाळी. सुमारे तीन-चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून बहुमताला होकार दिला. १९७७ साली दुसऱ्या काही संशोधकांनी दाखविले की तेच विधान काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा कानावर आले, तर ते खरे असो वा खोटे, अधिकाधिक खरे वाटू लागते. पुढे १९८४ साली रॉबर्ट सियाल्डिनी या प्राध्यापकाने मन वळविण्याची सहा सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. उपकाराची फेड, दिल्या शब्दाची बांधिलकी, चारचौघांचे अनुकरण, आवडत्या माणसाचा शब्द, अधिकाऱ्याचा शब्द, आणि वस्तू दुर्मीळ असल्याचा भास, अशी ती सहा होत. त्या ग्रंथात एक प्रसंग आहे, तो वाचून आम्हाला आमचीच लाज वाटली. अमेरिकेतील विमानतळांवर कृष्णभक्त मंडळी उतारूंच्या हाती फूल देत. 'नको' म्हटले तरी 'ही आमची भेट' म्हणून परत घेत नसत. मग वर्गणी मागत. हाती फूल असलेल्या माणसाला 'नाही' म्हणवत नसे. पैसे देऊन तो पुढे जाई आणि ते फूल कचऱ्याच्या डब्यात टाकी. मंडळी तेच फूल उचलून पुढच्या उतारूला देत.

फूल कृष्णाचे, हेतूही कृष्णाचा. आणि उतारूच्या मनात उरले काय? ओशाळेपण आणि चीड.

येथे आमचा स्वतःचा एक अपराध सांगणे भाग आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कोरडवाहू गावी आमचे कीर्तन होते. देवळाचा सभामंडप अर्धा राहिलेला. समितीची मंडळी म्हणाली, "महाराज, लोक बसल्या जागी आहेत, तुम्हीच आवाहन करा." आम्ही केले. पाच माणसे आधीच ठरवून ठेवली होती; त्यांनी पटापट उठून आकडे सांगितले. प्रत्येक नाव कर्ण्यावरून पुकारले जाई, लोक टाळ्या वाजवीत, मृदंगावर थाप पडे. आम्ही म्हणालो, "आता सहावा कोण? देवाच्या दारी मागे राहणारा कोण?" एक वाटेकरी शेतकरी उठला आणि २,५०१ रुपये बोलला. आम्ही त्याला जवळ बोलावून गळ्यात हार घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, आम्ही निघण्याच्या बेतात असताना, तो आला. तक्रार म्हणून नव्हे. "महाराज, दोन हप्त्यांत दिले तर चालेल का? देवापुढं शब्द गेलाय, मोडायचा नाही," एवढेच म्हणाला. चौकशी केली तेव्हा कळले, घरात बियाण्यापुरते पैसे होते आणि एक दुभती शेळी होती. आम्ही विचारले, "अरे, मग बोललास कशाला?" तो म्हणाला, "सगळे उठत होते. तुमी माझ्याकडं बघितलं असं वाटलं."

आम्ही समितीला सांगितले की याचे नाव काढा. ते म्हणाले, "महाराज, एकाचे काढले तर दहा जण येतील." आणि वाचकहो, आम्ही गप्प बसलो. गाडीची वेळ झाली होती. पुढे काही वर्षांनी त्या वाटेने जाताना दर्शनाला थांबलो. सभामंडप पुरा झाला आहे. संगमरवरी शिळेवर देणगीदारांची नावे कोरली आहेत, त्यात त्याचेही आहे. शेळी विकली की बियाणे मोडले, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

आता त्या पुण्याच्या तरुणाचा प्रश्न पुन्हा ऐका. फरक काय? त्या रात्रीपुरता तरी काहीच नव्हता. सियाल्डिनीची निम्मी सूत्रे आम्ही त्याचा ग्रंथ न वाचता वापरली होती. कार्य देवाचे होते हे खरे. पण कार्य देवाचे असल्यामुळे त्या माणसाचे मन पळविले गेले नाही असे होत नाही. उलट साबणवाल्याला तो 'नको' म्हणू शकला असता. आम्ही पांडुरंगाला मध्ये उभे केले, म्हणून तीही सोय गेली.

'तर मग महाराज, कीर्तनच बंद करावे काय?' असे कोणी म्हणेल. नव्हे. साधन तेच असले तरी भेद कोठे पडतो ते पाहिले पाहिजे, आणि येथे शास्त्र उपयोगी पडते.

पहिली शंका पुनरावृत्तीची. खोटे शंभरदा सांगून खरे वाटते, तर नामही शंभरदा घेऊनच गोड वाटते ना? या शंकेला उत्तर आहे. पुनरावृत्तीने खरे वाटू लागते ते वाक्य. कारण खरे-खोटेपण वाक्याला असते. नाम हे वाक्य नव्हे, ते पद आहे. हाक मारण्यात कोणते विधान केलेले नसते. आई लेकराला दिवसातून पन्नासदा हाक मारते, त्यात ती कोणाला काही पटवून देत नसते. शिवाय जाहिरात दुसरा माझ्या कानांवर आदळतो, माझे लक्ष नसताना. नाम मी माझ्या मुखाने, जाणून, घेतो. मात्र आम्ही कीर्तनकार नामाच्या फळाविषयी जी विधाने करतो, 'याने रोग जातो, त्याने खटला जिंकतो', ती वाक्येच आहेत. ती वारंवार सांगितल्याने खरी वाटतात, म्हणून ती सांगताना जिभेवर ताबा हवा.

दुसरी शंका स्तुतीची. आम्ही भक्तीची वाखाणणी करतो, जाहिरातवाला मालाची करतो. मीमांसकांनी स्तुतिपर वाक्यांना अर्थवाद म्हटले आहे. त्यांचा सिद्धान्त असा की अर्थवादाला स्वतंत्र बळ नाही; तो विधीचा सेवक आहे. करावयाची गोष्ट आपल्या पायावर उभी असली पाहिजे. स्तुतीने तीविषयी रुची तेवढी उत्पन्न करावी. स्तुती काढून घेतली तर मागे काय उरते, हा प्रश्न म्हणून लाखमोलाचा आहे. कीर्तनातील कथा, चाल, रंग काढून घेतला आणि 'खरे बोल, परक्याचे घेऊ नको, देवाला विसरू नको' एवढेच उरले, तर ते कोरड्या भाकरीसारखे का होईना, पोट भरणारे आहे. सिगारेटवरून स्वातंत्र्याचा शब्द पुसला तर उरतो धूर.

तिसरी शंका भयाची. 'मर्यादित साठा, आज रात्री १२ वाजेपर्यंतच' असे फोनवर झळकते. घड्याळ उलटे धावत असते. आम्हीही म्हणतो, आयुष्य थोडे आहे, उद्याचा भरवसा नाही. भेद एवढाच की आयुष्य खरोखरच थोडे आहे, आणि ते रात्रीचे १२ दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. खोटी निकड लावण्याचा हा धंदा इतका वाढला की ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली; त्यात खोटी निकड पहिलीच आहे. पण खरे भयसुद्धा घाईने सही घेण्यासाठी वापरले की ते खोट्याच्या पंक्तीला बसते. मरण जवळ आहे, म्हणून आत्ताच्या आत्ता २,५०१ बोल, यातला 'म्हणून' खोटा आहे.

आणि सर्वांत मोठी कसोटी आम्हाला वाटते ती ही. आपली युक्ती श्रोत्याला आधी उघड करून सांगितली, तर ती चालेल काय? 'बघा हं, आता मी तुम्हाला एका गरीब भक्ताची कथा सांगणार आहे, तुमचे मन द्रवावे म्हणून,' असे आम्ही बेलाशक सांगू शकतो. तरीही मन द्रवते. मम्मटाने उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत, धन्यासारखा, मित्रासारखा आणि प्रियेसारखा. प्रियेचा गोड उपदेशही निंद्य नव्हे, कारण ती गोडीने वळवीत आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. पण 'ही पहिली पाच माणसे आम्ही ठरवून उठविली आहेत,' असे त्या रात्री कर्ण्यावरून सांगितले असते तर? सहावा उठला नसता. उजेडात जी चालत नाही ती युक्ती देवळात नको.

कोणी म्हणेल, लोक अडाणी; युक्तीवाचून हिताचेही घेत नाहीत. यावर पोलिओचे उदाहरण पाहावे. वर्षानुवर्षे घरोघर फिरून, भिंती रंगवून, नामांकित नटाच्या मुखाने सांगून आपल्या देशात डोस पाजले गेले, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तेथेही पुनरावृत्ती होती, आवडत्या माणसाचा शब्द होता, शेजाऱ्याचे अनुकरण होते. पण काय पाजतो आहोत आणि कशासाठी, हे दारात उघड सांगितले जाई, आणि पाजणाऱ्याला लेकराच्या पायांतच आपला लाभ होता. मन वळविणे हे पाप नव्हे.

आता वारकरी वाचकाने स्वतःला कसे राखावे? येथे एक जळती गोष्ट आठविल्यावाचून पुढे जाता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. कोणी गोबेल्स तेथे नव्हता. ज्याने त्याने ओळखीच्या माणसाकडून आलेला निरोप ओळखीच्या माणसाला धाडला, तो पुनःपुन्हा आल्याने खरा वाटला, आणि जमाव उठला तेव्हा 'थांबा, विचारून तरी बघू' हा आवाज कमी पडला. आपल्या ज्ञानोबामाउलींची गुरुपरंपरा नाथांचीच. ज्या भगव्याला आपण हात जोडतो त्याच्यावर आपल्याच लोकांनी दगड उचलावा, याहून आणखी काय सांगावे?

अ‍ॅशच्या प्रयोगाचा एक भाग आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. खोलीतल्या फितविलेल्या माणसांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तर त्या उमेदवाराची मान बहुमतापुढे डोलण्याचे प्रमाण एकदम खाली येई. एकच माणूस लागतो! सत्संगाची थोरवी आम्ही जन्मभर गायिली, पण तिचा हा अर्थ आम्हाला उशिरा उमजला. एका सुरात टाळ वाजविणारे शंभर असले तर कीर्तन रंगते; पण 'महाराज, हे बरोबर नाही' म्हणणारा एक असल्यावाचून तो सत्संग होत नाही.

आणि पूर्वपक्षाची शिस्तही येथे कामी येते. विल्यम मॅकग्वायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखविले की विरुद्ध बाजूचा युक्तिवाद सौम्य रूपात आधीच ऐकवून त्याचे खंडनही सांगितले, तर पुढे खऱ्या हल्ल्यापुढे मन टिकते. जशी देवी टोचली की देवीचा रोग बाधत नाही. आमचे गुरुजी हेच करीत होते. म्हणून मुलाबाळांना घरी बसवून एखादी जाहिरात, एखादे भाषण, एखादा फोनवरचा निरोप पुढ्यात घ्यावा आणि विचारावे: यात इष्ट काय दाखविले? साध्य काय दाखविले? आणि अनिष्ट कोठे लपविले? तर्कशास्त्राचा एवढा पाठ घराघरांत झाला तरी पुष्कळ आहे. कीर्तनकारालाही हेच तीन प्रश्न लावावेत. आम्हालाही लावावेत.

तुकोबारायांनी कीर्तनाच्या बदल्यात काही घेऊ नये असा दंडक घातला. तरुणपणी आम्हाला तो केवळ वैराग्याचा नियम वाटे. आता वाटते, त्यात मनाचे शास्त्रही होते. ज्याला श्रोत्याकडून काही काढावयाचे नाही, त्याला विष झाकण्याचे कारण उरत नाही.

त्या तरुणाला आमचे सांगणे असे. बाळ, तुझा प्रश्न अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा आमच्यावर लागू पडतो. साधने तीच आहेत, हे आम्ही कबूल करतो. तूही रोज काम करताना विचार, की ज्याला हे दाखवितो आहे त्याला मी मागचे सगळे सांगू शकेन काय? सांगता आले तर साबण विकण्यात पाप नाही. मळ जातो, लोकांना लागतो. सांगता येत नसेल तर मात्र तुझे आणि आमचे त्या रात्रीचे काम एकच.

अलीकडे आमच्या कीर्तनात कर्ण्यावरून नावे पुकारली जात नाहीत. समितीला आधीच सांगतो: देवळात झाकलेली पेटी ठेवा, आणि द्यायचे त्याने दुसऱ्या दिवशी, घरी बोलून, यावे. जमा कमी होते, हे खरे आहे. एका गावाने या अटीमुळे पुढच्या वर्षी आम्हाला बोलाविले नाही, हेही खरे आहे. पण पहाटे निघताना ओसरीवर कोणी हप्ते मागत उभा नसतो.

वाचकांपैकी कोणाच्या गावी आम्ही आलो आणि जुन्या खोडीने पुन्हा तसे काही करू लागलो, तर मध्येच उठून थांबवावे. टाळ थांबले तरी चालतील. इत्यलम्. रामकृष्णहरी.